'स्नॉब' आणि 'शिष्ट' : दोन शब्दांचा एक मुक्काम

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील दहावीची एक मुलगी इंग्रजीचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. "फादर, 'स्नॉब' म्हणजे काय?" तिने विचारले. आम्ही सवयीने 'गर्विष्ठ' असे उत्तर दिले. तिने मान हलविली खरी, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. तिने पुस्तकातील वाक्य पुन्हा एकदा मनाशी वाचले आणि म्हणाली, "म्हणजे शिष्ट ना, फादर?" आम्ही तिला तत्काळ दुरुस्त केले. शिष्ट म्हणजे सभ्य, सुसंस्कृत, ज्याचे वागणे अनुकरणीय आहे असा, हे समजावून सांगितले. 'शिष्टाचार' आणि 'शिष्टमंडळ' ही उदाहरणेही ऐकविली. तिने सारे मुकाट्याने ऐकून घेतले व ती निघून गेली. ती गेल्यानंतर आमच्या ध्यानात आले की बरोबर तीच होती. आमचे उत्तर अपुरे होते, आणि तिला दुरुस्त करण्याचा आमचा उत्साह तर साफ चुकीचा होता.

पुस्तकात 'शिष्ट' हा गौरवाचा शब्द आहे. बोलण्यात तो टोमणा आहे. "ती भारीच शिष्ट आहे हो," असे एखादी मावशी म्हणते तेव्हा ती कोणाच्या सभ्यतेची स्तुती करीत नसते. ओळख असून ओळख न दाखविणारी, चारचौघांत मिसळलो तर आपली पत उतरेल असे मानणारी, लग्नाच्या मांडवात बसायची जागासुद्धा निवडून घेणारी कोणी व्यक्ती तिच्या डोळ्यांसमोर असते. इंग्रजीत अशाच व्यक्तीला 'स्नॉब' म्हणतात. या दोन शब्दांची जन्मकथा शेजारी शेजारी ठेवली तर एक मौजेची, आणि आम्हांला वाटते, थोडी बोचरी गोष्ट दिसते. इंग्रजी शब्द अगदी तळातून निघाला आणि वर चढत गेला. मराठी शब्द अगदी शिखरावरून निघाला आणि खाली उतरत आला. आज दोघांचा मुक्काम एकाच ठिकाणी आहे.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. सेमिनरीत असताना आम्ही ऐकले होते की 'स्नॉब' हा शब्द 'सिने नोबिलिताते', म्हणजे 'कुलीनतेवाचून', या लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनला. लॅटिन शिकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना ही व्युत्पत्ती फार आवडली आणि आम्ही ती पुढे कित्येक वर्षे इतरांनाही ऐकविली. तिला कोशकारांचा आधार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'स्नॉब' म्हणजे जोडे शिवणारा कारागीर किंवा त्याच्या हाताखालचा उमेदवार. पुढे केंब्रिजचे विद्यार्थी विद्यापीठाबाहेरच्या गावकऱ्यांना तुच्छतेने 'स्नॉब' म्हणू लागले. त्यानंतर कोणताही खालच्या थरातील मनुष्य या नावाने ओळखला जाऊ लागला. विनोद असा की ज्या शब्दाने आज आपण कुलाचा तोरा मिरविणाऱ्याला हिणवितो, त्या शब्दालाच आम्ही लॅटिन कुळ चिकटवून दिले होते. त्याचा बाप चर्मकार निघाला हे आम्हांला रुचले नाही. तसे ते रुचायला हवे होते. संत पेत्र यापो गावी मुक्कामाला होते ते कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी, आणि संत पौलाचा धंदा तंबू बनविण्याचा, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतोच.

एका कारागिराच्या धंद्याचे नाव शिवी व्हावी, हा प्रकार फक्त इंग्रजांचा नाही. आपल्या मराठीत किती जातींची नावे आजही सहज तोंडातून शिवीसारखी बाहेर पडतात हे प्रत्येकाने आपल्याच घरात कान देऊन ऐकावे. इंग्रजीत मात्र पुढे एक वळण आले, आणि ते विल्यम मेकपीस थॅकरे या लेखकामुळे ठळक झाले. हा लेखक आपल्या देशात, कलकत्त्यास, १८११ साली जन्मला. त्याचे वडील ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते. १८४६-४७ मध्ये 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात त्याने इंग्लंडमधील स्नॉबांवर एक लेखमाला लिहिली. १८४८ साली ती 'द बुक ऑफ स्नॉब्ज' या नावाने पुस्तकरूपाने आली. थॅकरेचा स्नॉब गरीब चांभार नाही. क्षुद्र गोष्टींपुढे लोटांगण घालणारा, सरदाराच्या ओळखीसाठी जीव टाकणारा, ऐपत नसताना मेजवान्या देणारा मध्यमवर्गीय माणूस त्याने या शब्दाखाली उभा केला. खालच्यांना तुच्छ लेखणारा हा आजचा अर्थ विसाव्या शतकाच्या आरंभी पक्का झाला. म्हणजे एकच शब्द क्रमाने तीन माणसांचा झाला: जो खाली आहे तो, जो खालून वर पाहून लाळ गाळतो तो, आणि जो वरून खाली पाहून नाक मुरडतो तो.

आमच्या मते या शब्दाचे सगळे मर्म या क्रमात आहे. वरून खाली पाहणारा माणूस आधी वर पाहणारा असतो. त्याला शिडी दिसते म्हणूनच तो कोणाच्या तरी खाली आणि कोणाच्या तरी वर असतो. म्हणूनच 'गर्विष्ठ' हे उत्तर अपुरे पडते. गर्विष्ठ मनुष्य निर्जन बेटावरही गर्विष्ठ राहू शकेल. स्नॉबला मात्र शेजारी लागतात.

मग मराठीत दुसरा कोणता शब्द जुळेल? 'आढ्यताखोर' हा भारदस्त शब्द आहे. 'आढ्य' म्हणजे श्रीमंत. श्रीमंतीवरून ताठ्यापर्यंतचा रस्ता किती जवळचा आहे हे या शब्दाने नोंदवून ठेवले आहे. पण ज्याच्यापाशी पैसा नाही, फक्त एक पदवी किंवा एक आडनाव आहे, तोही स्नॉब असू शकतो. त्याला हा शब्द सैल होतो. 'मगरूर' हा अरबीतून आलेला शब्द फार अर्थगर्भ आहे. त्याचा मूळ अर्थ 'फसलेला', 'भुललेला' असा आहे; मगरूर मनुष्य दुसऱ्यांना हिणवीत असला तरी फसगत त्याची स्वतःची झालेली असते. पण मराठीत हा शब्द उर्मटपणाकडे झुकला आहे, आणि स्नॉब पुष्कळदा अतिशय गोड बोलतो. 'भाव खाणे' हा बाजारातला वाक्प्रचार अधिक जवळचा आहे. इंग्रजी 'हायब्रो' वरून मराठीने 'उच्चभ्रू' घडविला, पण त्याचे पुढे काय झाले पाहा. मूळ शब्दात विद्वत्तेच्या तोऱ्याला टोचणी होती. आज वर्तमानपत्रांत 'उच्चभ्रू वस्ती' म्हणजे महागड्या घरांची वस्ती. टोचणी गेली आणि घरांच्या जाहिरातीला शोभेल असा शब्द उरला. आमच्या वसतिगृहातील मुले 'ॲटिट्यूड' हा शब्द वापरतात. इंग्रजीत त्याचा साधा अर्थ वृत्ती असा आहे. आपल्या मुलांच्या तोंडी "त्याला लय ॲटिट्यूड आहे" म्हणजे तो भाव खातो. 'मिजास' या जुन्या शब्दाचीही हीच कथा. अरबीत त्याचा अर्थ नुसता स्वभाव. या सर्व शब्दांत 'स्नॉब'च्या नेमक्या मापाचा एकच आहे, आणि तो त्या मुलीने सुचविला होता.

आता त्या शब्दाकडे वळू. 'शिष्ट' हा 'शास्' या संस्कृत धातूवरून आला. शास् म्हणजे शिकविणे, शिस्त लावणे. 'शिष्य' त्याच घरचा. भाषेत शुद्ध काय याचा निर्णय करताना व्याकरणकार पतंजलीने 'महाभाष्या'त शिष्टांचा हवाला दिला आणि शिष्ट कोण हेही सांगितले. आर्यावर्तात राहणारे जे ब्राह्मण केवळ मडकेभर धान्याचा संग्रह करतात, ज्यांना लोभ नाही, आणि जे कोणत्याही लाभाच्या हेतूवाचून एखाद्या विद्येत पारंगत झालेले आहेत, ते शिष्ट, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. या व्याख्येचे दोन भाग आहेत. एका भागात शील आहे: एक मडके धान्य, निर्लोभता, विद्येसाठी विद्या. दुसऱ्या भागात कुंपण आहे: अमुक प्रदेश, अमुक वर्ण. व्याख्येतील मडके काळाच्या ओघात फुटले आणि कुंपण तेवढे उभे राहिले. शील गेल्यावरही शिष्टपणाचा हक्क सांगणारी माणसे उरली. आपले नव्हे ते आपले म्हणून मागणे, असाच इंग्रजी 'ॲरोगंट' या शब्दामागील लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे. कुंपणाबाहेरच्या लोकांनी त्या शब्दाचे काय केले? त्यांनी तो बदलला नाही, टाकलाही नाही. फक्त उच्चारताना ओठ किंचित मुरडले. एवढ्याने शब्दाचा निकाल लागला. ज्यांच्या हाती कोश नव्हते त्यांनी दिलेला हा निवाडा आहे, आणि म्हणून आम्ही तो मोलाचा मानतो.

ही शिडी जव्हारला कधी नव्हती असे कोणी समजू नये. १९४८ साली विलीन होईपर्यंत जव्हार हे संस्थान होते आणि तेथील मुकणे घराणे महादेव कोळी जमातीचे. ज्या डोंगरातील माणसांना शहरात आजही कोणी सहज 'जंगली' म्हणून जातो, त्यांच्यातलेच हे राजघराणे. पण इंग्रजांनी राजांनाही शिडीवर उभे केले होते. बडोद्याला २१ तोफांची सलामी, कोल्हापूरला १९, जव्हारला ९, आणि कित्येक संस्थानिकांना एकही नाही. माणसाची प्रतिष्ठा तोफा मोजून ठरविणाऱ्या या व्यवस्थेहून स्नॉबपणाचे स्वच्छ गणित दुसरे कोणते असेल? गंमत म्हणजे याच इंग्रजांनी हिंदुस्थानात पैसा करून मायदेशी मिजास मारणाऱ्या आपल्याच भाईबंदांना हिणविण्यासाठी आपला 'नवाब' नेला आणि त्याचा 'नेबॉब' केला. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर' कादंबरीतील कंपनीचा कलेक्टर जोस सेडली हे त्याच जातीचे पात्र आहे.

तोफा गेल्या, पण भाषेची शिडी राहिली. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' मराठी रंगभूमीवर आणले. फुले विकणाऱ्या मंजुळेला शुद्ध भाषा शिकवून प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसवायचे, ही प्राध्यापक जहागीरदारांची पैज. भक्ती बर्वे यांनी उभी केलेली मंजुळा ज्यांनी पाहिली त्यांच्या स्मरणातून ती गेलेली नाही. आम्हांला मात्र या नाटकाचे मोल हास्याहून वेगळ्या कारणासाठी वाटते. मंजुळेचे उच्चार सुधारत जातात तसतसे प्रेक्षकाला कळू लागते की सभ्यतेची परीक्षा तिची नसून तिला शिकविणाऱ्याची चालली आहे. ज्याची भाषा निर्दोष आहे तो शिष्ट, पण कोणत्या अर्थाने? पतंजलीच्या, की मावशीच्या? नाटकाचा सगळा ताण या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये आहे. आज जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील शेतकरी मोगरा लावू लागले आहेत. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. ज्या हातांनी त्या खुडल्या त्यांची वारली किंवा कोकणा बोली त्याच शहरात कोणी ऐकली तर हसू येते, आणि कळ्यांचा वास मात्र सर्वांना शुद्ध वाटतो.

इतके लिहून आम्हांला थांबता आले असते. पण थॅकरेने आपल्या त्या लेखमालेवर नाव घातले होते ते 'त्यांच्यापैकीच एक' असे. स्नॉबावर लिहिणाऱ्याने ही सही करावीच लागते. नाहीतर त्याचा लेख म्हणजे आणखी एका उंच पायरीवरून खाली पाहणे ठरते. जकातदाराची आणि परुश्याची दृष्टांतकथा ऐकून आपण घरी जाताना, 'बरे झाले, आपण त्या परुश्यासारखे नाही', असे मनात म्हणतो, आणि त्याच क्षणी त्याच्याच जागी जाऊन उभे राहतो. परुशी ही हाडामांसाची, धर्मनिष्ठ माणसे होती. त्यांच्या नावाची शिवी करण्यातही आपला तोराच दिसतो.

म्हणून आमची सही. आमचा जन्म वसईच्या एका कोळीवाड्यातला. घरी आम्ही 'पानी' म्हणत असू आणि डोळ्याला 'डोला' म्हणत असू. सेमिनरीतील पहिल्या वर्षी वाचनाच्या वेळी आमच्या तोंडून 'पानी' निघून गेले आणि सोबती हसले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण त्या रात्री आम्ही कांबळे डोक्यावर ओढून 'ण' आणि 'ळ' घोटले. वर्षभरात आमची भाषा पुस्तकासारखी झाली. सुटीत घरी गेलो तेव्हा आई आमच्याशी थोडी जपून बोलू लागली होती, हे आम्हांला त्या वेळी कळले नाही. पुष्कळ वर्षांनी कळले.

पुढे आम्ही डोंगरातील मिशनवर आलो. एका पाड्यावर एक वृद्ध गृहस्थ संध्याकाळची प्रार्थना सांगत. आपल्या बोलीत, आपल्या चालीत, डोळे मिटून ते सांगत आणि सारा पाडा मागून म्हणत असे. आम्ही नवे होतो, तरुण होतो. प्रार्थना संपल्यावर आम्ही त्यांना अत्यंत प्रेमाने, सर्वांसमोर, तीन शब्दांचे शुद्ध उच्चार सांगितले. "होय फादर," ते म्हणाले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा प्रार्थना दुसराच तरुण सांगत होता, आणि बाबा मागच्या भिंतीला टेकून बसले होते. आम्ही विचारले. "तुम्ही शिकलेले, फादर. आमचं चुकतं," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधीही प्रार्थना सांगितली नाही. आज ते हयात नाहीत. सेमिनरीत आमच्यावर जे हसू आले ते आम्ही डोंगर चढून येथवर वाहून आणले आणि आमच्याहून एक पायरी खाली दिसणाऱ्या माणसाच्या स्वाधीन केले. शिडी म्हणतात ती अशी चालते. हसणारा, हसू सोसणारा आणि पुन्हा हसणारा: 'स्नॉब' शब्दाने ज्या तीन अवस्था पाहिल्या त्या सर्व आमच्या एका आयुष्यात झाल्या आहेत.

आणखी एक रूप सांगितले पाहिजे, कारण ते आपल्यासारख्या श्रद्धावंतांना ओळखू येत नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंमुळे जव्हारचे नाव देशभर झाले. तेव्हापासून बाहेरच्या जगाला जव्हार म्हणजे कुपोषण. मदत आली, तिची गरज होती आणि आजही आहे. पण मदतीबरोबर एक नजरही आली. कपड्यांची गाठोडी सोडताना, खाऊ वाटताना, छायाचित्रासाठी मुलांना ओळीत उभे करताना ती दिसते. तिच्यात तुच्छता नसते, कणव असते. तरी ती वरूनच पडते. नागलीची भाकरी पाहून "अरेरे, हेच खातात का?" असे म्हणणारा पाहुणा दुष्ट नसतो, पण ज्या घरात त्याला पहिली भाकरी वाढली गेली त्या घराची मान त्याने खाली केलेली असते. त्या घरात कधी कधी खरोखर मडकेभरच धान्य असते, आणि त्यातलेच पाहुण्यासाठी काढले जाते. दारिद्र्याला सद्गुण म्हणून मिरविण्याची आमची इच्छा नाही; त्या घराला दुसरे मडके मिळालेच पाहिजे. परंतु पतंजलीच्या व्याख्येतील कुंपण काढले आणि शील तेवढे ठेवले, तर शिष्ट कोण हे ठरविणे मुळीच कठीण नाही.

मग 'शिष्ट' या शब्दाचा जुना अर्थ परत आणावा का? आम्हांला तसे वाटत नाही. शब्दाला बळाने वर चढविता येत नाही. तो ज्यांना लावला जातो त्यांनी आपले वागणे बदलावे एवढेच करता येते. तोवर कोशांनी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी छापावेत, शिक्षकांनी दोन्ही शिकवावेत, आणि इंग्रजी 'स्नॉब'समोर मराठीत निःशंकपणे 'शिष्ट' लिहावे. शिष्टाचार शिकविणाऱ्या प्रत्येकाला, यात धर्मगुरूही आले, त्या शब्दाचा दुसरा अर्थ पाठ असावा.

हा मजकूर लिहून झाल्यावर आम्ही त्या मुलीला बोलावून घेतले आणि सांगितले की तिचे उत्तर बरोबर होते. तिला आनंद झाला. क्षणभर थांबून तिने विचारले, "मग तेव्हा नाही का म्हणालात, फादर?"

आम्ही तिला पुस्तक उघडायला सांगितले आणि 'स्नॉब' या शब्दावर तिच्याच हाताने, पेन्सिलीने, 'शिष्ट' असे लिहवून घेतले.